तोआफाच्या नावाने डबे नाहीत

"पाणी तिसऱ्या पायरीला लागलं की मला उचल. कुणाला विचारत बसू नकोस. विचारलंस तर सगळे मिळून पुढच्या महिन्यात बघू म्हणतील, आणि तोवर मी खेकड्यांशी भांडत असेन."

बारा वर्षं झाली होती, पण एतेवीसेला हे बोलणं आठवलं की ते नवऱ्याच्या, तोआफाच्या आवाजातच ऐकू येई. गावाच्या वतीने सभांमधून बोलणारा माणूस तो. मरणाच्या खाटेवरूनही त्याचा आवाज चार घरं ओलांडून जायचा. तिचा स्वतःचा आवाज मात्र असा, की चर्चच्या गायनात शेजारच्या बाईलाही ती गाते आहे की नुसते ओठ हलवते आहे ते कळत नसे.

घरासमोर समुद्राच्या अंगाला त्याने जिवंतपणीच बांधून घेतलेली सिमेंटची, पाच पायऱ्यांची कबर होती. एतेवीसे रोज पहाटे तिथे चटई टाकून एक स्तोत्र वाचायची आणि मगच चहा घ्यायची. शुक्रवारी तर संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी रिकाम्या गॅस सिलिंडरवर ठोके पडेपर्यंत ती अन्नाला शिवत नसे. हे नेम तिने कुणाला सांगून घेतले नव्हते. यंदा मार्चच्या उधाणात ती चटई घेऊन बाहेर आली तर बसायला कोरडी जागा उरली नव्हती. पाणी तिसऱ्या पायरीला लागलं होतं. तिने उभ्यानेच स्तोत्र वाचलं, चहा घेतला, आणि कप विसळून तडक दिराच्या घरी गेली.

"भाऊजी, त्यांना वर न्यायचं."

तिचा दीर तौफाऊ हा घराण्याचा मताई, म्हणजे कर्ता. सगळ्या घराची जमीन, मान आणि भांडणं त्याच्या हाती. वर म्हणजे डोंगराच्या उतारावरचा त्यांचा तारोचा, म्हणजे अळूच्या कंदांचा मळा. त्या मळ्यावर वाईसूलू गावातली चुलत शाखा कित्येक वर्षं डोळा ठेवून होती. तिथे तोआफाला ठेवला की तो वाद मिटणार होता, कारण आपलं माणूस जिथे पुरलं ती जमीन आपली, असं सातुफांगा गावात कोणीही सांगेल. फक्त, पुरलं हे गावाने मानलं पाहिजे. गाव मानतं ते भाजलेल्या डुकराच्या वाट्यांवरून. पाठ सगळ्यांत थोर मताईला, मागचा पाय सभेत बोलणाऱ्यांना, डोकं तरुण पोरांना. ज्याने आपला वाटा उचलला तो साक्षीदार झाला. वाटा पानावर तसाच ठेवून जो उठला, त्याच्या लेखी काही घडलंच नाही.

"डुक्कर तर तुम्ही पोसलेलंच आहे," तौफाऊ म्हणाला. "वर पिसुपोची दहा खोकी. त्याहून एकही कमी नको. तोआफा होता तो."

पिसुपो म्हणजे डब्यातलं गोमांस. लग्न असो, मयत असो, कुणाला मताईचा किताब मिळो, आंगणात खोक्यांची चळत किती उंच लागली यावर गाव घराची उंची ठरवतं. एतेवीसेने मान हलवली. तेव्हा तिला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

जूनमध्ये मुलगी आली. फेतूआओ वेलिंग्टनला एका कार्यालयात कामाला होती. कशापासून किती धूर हवेत जातो याचं मोजमाप करायचं, हेच तिचं काम. चार वर्षांपूर्वी तिने मांस सोडलं होतं. बापाच्या कामासाठी ती पंधरा दिवसांची रजा घेऊन आली, आणि येताना बॅगेतून पाच किलो मसूर घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या छपराखाली तिघीजणी बसल्या होत्या. पेपे, तोआफाची बहीण, नारळ खवत होती. एतेवीसे खवलेला नारळ पिळत होती. फेतूआओ बराच वेळ नुसती करवंट्या गोळा करत राहिली आणि मग म्हणाली, "आई, एक मागते. बाबांच्या कामाला मांस नको."

पेपेची खवणी थांबली. "मग मताईंच्या पानावर काय वाढायचं? तुझी ती मसूर?"

"चेष्टा नको ना आत्या. समुद्र का चढतोय ते माहीत आहे तुम्हाला."

"माहीत आहे की. दर वर्षी तुमच्यासारखे शिकलेले लोक येतात आणि सांगून जातात. काय गं, पोहत आलीस का?"

फेतूआओचे कान लाल झाले. लहानपणापासून असंच, राग आला की कानांवर दिसायचा. ती काही बोलणार तेवढ्यात आईने हात पुसले.

"वन्सं बोलल्या ते खोटं नाही," एतेवीसे म्हणाली. "तू हेच काम करतेस ना तिकडं? मग मांड सगळं. डुकराचं मांड, डब्यांचं मांड आणि तुझ्या विमानाचंही मांड. कागदावर नको, मला समजायचं नाही." आणि तिने करवंट्यांचा ढीग मुलीपुढे सरकवला.

फेतूआओने आधी एक करवंटी उचलून चटईवर ठेवली. "अंदाजाने सांगते हं. हे आपलं डुक्कर. नारळ आणि नीरफणसाच्या साली खातं, स्वतःच्या पायांनी हिंडतं, आपल्याच लाकडावर भाजलं जातं. विकतचं खाणं घातलं असतं तर अजून दोन-तीन झाल्या असत्या."

"एकच?" पेपेला ते अगदीच कमी वाटलं. "पाच वर्षं पोसलंय त्याला."

"एकच. आणि हे विमान, माझं येणंजाणं." तिने पाच करवंट्या शेजारी लावल्या. त्या लावताना तिने आत्याकडे बघितलं नाही. "आणि ही दहा खोकी." इथे तिचा हात थांबेचना. आठ झाल्या, दहा झाल्या, बारा झाल्या. "जास्तही असतील. गाईच्या पोटातून वायू येतो, कुरणासाठी जंगल तोडतात, मग तो डबा, मग बोट."

"म्हणजे परदेशातली गाय ढेकर देते आणि इकडं माझ्या भावाचे पाय भिजतात," पेपे म्हणाली. "बरं, तौफाऊची गाडी मांड की. चर्च दोनशे पावलांवर, तिथंही हा बाबा गाडीनं जातो."

"वर्षाचं धरलं तर वीस तरी, आत्या. एवढ्या करवंट्या नाहीत आपल्याकडं."

पेपे हसून हसून खवणीवरून घसरली. एतेवीसे हसली नाही. तिने विचारलं, "आणि तिकडं राहणाऱ्या एका माणसाच्या? वर्षाच्या?"

"साठ, सत्तर. माझ्याही तेवढ्याच, मांस सोडून. घर गरम ठेवायचं, गाडी, प्रवास, सगळं आलं."

"आणि माझ्या?"

"दहासुद्धा नाहीत."

छपरावरून एक कोंबडी धपकन खाली उतरली आणि पेपेने तिला हाकललं.

"खरं सांगू का आई?" फेतूआओ शेवटी म्हणाली. "मांस नको म्हणाले ते माझ्या मनाच्या समाधानासाठी. तू काहीही सोडलंस तरी समुद्र बोटभर मागं जायचा नाही. तुझ्याकडं मागायचा आम्हाला अधिकारच नाही."

"शुक्रवारी मी जेवत नाही, त्यानं देवाचं पोट भरतं असं मी कधी समजले नाही," एतेवीसे म्हणाली.

तिने डब्यांच्या बाराही करवंट्या ओंजळीने उचलल्या आणि दगड तापवायला पेटवलेल्या भट्टीत टाकल्या. करवंट्या चांगल्या जळतात. जाळ छपरापर्यंत गेला. डुकराची एक तिने जागच्या जागी राहू दिली. उरलेल्या पाच तिने मुलीकडे सरकवल्या.

"यांच्यातून तू मला दिसतेस. यांना मी हात लावणार नाही. ठेव नाहीतर जाळ, तुझं तू बघ."

फेतूआओने त्या पाच करवंट्या मांडीवर घेतल्या आणि तशीच बसून राहिली. एतेवीसे पुन्हा नारळ पिळायला लागली. पोरीने त्या जाळल्या तर नाताळात दारात कोण उभं राहणार, हे तिच्या मनात आलं, आणि तिने नारळ जरा जास्तच जोराने पिळला.

तौफाऊला सांगायला ती एकटीच गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो बोलायला लागला तो थांबेना.

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना? लोक म्हणतील तोआफाची बायको कंगाल झाली. वाईसूलूवाले तर टपून बसलेत. सेऊलेआने पाठ उचलली नाही तर मळा गेला, हे कळतंय का तुम्हाला?"

सेऊलेआ म्हणजे गावाचा सगळ्यांत थोर मताई. ऐंशीच्या पुढचा, एका डोळ्याने अधू, आणि वाईसूलूत बहीण दिलेली.

"कळतंय."

"तिकडं मोठ्या देशांत रोज दोन वेळा गाय खातात, त्यांना कुणी बोलत नाही. आपण वर्षातून चार वेळा डबा फोडतो. गरिबानंच आपला मान सोडायचा का?"

"मान सोडते असं कुठं म्हणाले? डुक्कर आहे. तारो आहे, त्याच्या पानांची नारळाच्या दुधातली पालुसामी आहे, मासे आहेत. आणि एक सांगू भाऊजी? पाठीचा तुकडा हातात दिला की माणूस देणाऱ्याकडं बघतो. खोकं दिलं की शेजाऱ्याच्या खोक्याकडं बघतो."

"हे पोरीनं शिकवलं."

"पोरगी तर म्हणाली, तू काही सोडू नकोस."

तौफाऊ गप्प झाला. तो गप्प झाला म्हणजे त्याला पटलं, असं एतेवीसेने धरलं. तीस वर्षं त्या घरात काढून ही चूक तिने करायला नको होती.

ठरल्या दिवशी उजाडायच्या आत कबर फोडली. पाळकांनी प्रार्थना म्हटली. तोआफाचं जे काही उरलं होतं ते पुतण्यांनी पांढऱ्या कापडात घेतलं, एतेवीसेने वर बारीक विणलेली चटई घातली, आणि सगळे पायी डोंगराकडे निघाले. वाटेत फेतूआओने आईचा हात धरला होता. मळ्यात नवा खड्डा काळ्या दगडांनी बांधून घेतला होता. तिथून समुद्र दिसतो, पण त्याचा आवाज येत नाही. दहाच्या सुमाराला सगळं आटोपलं आणि लोक खाली, भिंती नसलेल्या मोठ्या घरात, आपापल्या खांबाला टेकून बसले. कोण कुठल्या खांबाला टेकतो हे बापजाद्यांपासून ठरलेलं. सेऊलेआ मधल्या खांबाशी. वाईसूलूहून चुलत शाखेचे तिघे आले होते, ते टोकाला. बायका मागच्या बाजूला.

भट्टी उघडली. डुकराचे वाटे झाले, पानांवर ठेवले गेले आणि ज्याच्या त्याच्या पुढे नेऊन मांडले. अजून कुणी हात लावला नव्हता. आरोळी झाल्याशिवाय हात लावायचा नसतो. तरुण आकेरीपा काठी घेऊन आंगणात उभा राहिला. कोणत्या घरून काय आलं ते त्याने मोठ्याने पुकारायचं. एकदा पुकारलं की ते दिलं गेलं, मग ते मागे घेता येत नाही. त्याने डुक्कर पुकारलं, तारोच्या टोपल्या पुकारल्या, चटया पुकारल्या. तेवढ्यात तौफाऊची गाडी उलटी येत आंगणात घुसली. पुतण्यांनी वरची ताडपत्री ओढली आणि खोकी उतरवायला लागले. भराभर चळत लागली. पिसुपोची दहा खोकी.

एतेवीसेने दिराकडे बघितलं. तो समोर बघत होता.

आकेरीपाने काठी वर केली, छाती भरून श्वास घेतला. आता एक क्षण गेला असता तर दहाही खोकी तोआफाच्या नावाने वाटली गेली असती. मताई बसलेले असताना बाईने उभ्याने आंगणातून जायचं नसतं. एतेवीसे कमरेत वाकून, हात जमिनीला लागेल इतकी वाकून, बायकांमधून निघाली, आंगण ओलांडलं आणि चळतीला पाठ लावून गवतावर मांडी घालून बसली. कापड गुडघ्यांवर नीट ओढून घेतलं. बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून आरोळी द्यायची नाही हे आकेरीपाला आईने शिकवलं होतं. त्याची काठी वरच राहिली.

"काकू, उठा," तो दातांतून म्हणाला. "काय चाललंय?"

ती काहीतरी बोलली. त्याला ऐकू आलं नाही.

"काय?"

ती पुन्हा बोलली. आकेरीपा खाली वाकला, अगदी तिच्या तोंडापाशी कान नेला. मधल्या खांबापासून सेऊलेआचा खरखरीत आवाज आला, "काय म्हणतेय ती? इकडं सांग."

आता आकेरीपाला सवय एकाच गोष्टीची. काठी हातात असताना कुणी सांग म्हटलं की तो आरोळीच देत असे; साधं बोलणं त्या पोराच्या तोंडून त्या जागेवर कधी निघालंच नव्हतं. तो ताठ उभा राहिला, काठी वर केली आणि गावच्या टोकापर्यंत जाईल अशा सुरात पुकारला, "ऐका, सातुफांगाचे खांब हो, ऐका. एतेवीसेच्या हातून. तोआफाच्या नावाने. डबे नाहीत."

पुकारून झाल्यावर आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं. काठी हळूच खाली आली. मागे पेपेने तोंडात पदर धरावा तसं कापडाचं टोक कोंबलं. जे पुकारलं ते झालं. तौफाऊ अर्धा उठला होता, तो पुन्हा बसला.

टोकाच्या खांबाकडून वाईसूलूचा एकजण म्हणाला, "एवढी हलाखी झाली होती तर सांगायचंत. आम्ही दोन खोकी आणली असती."

कुणी हसलं नाही. सगळे सेऊलेआच्या पानाकडे बघत होते. पाठीचा तुकडा त्याच्यापुढे होता, वरचं कातडं चकाकत होतं आणि त्याच्या मांडीवर ठेवलेले हात हलत नव्हते.

"एतेवीसे," तो म्हणाला, "खोकी आहेत. मला एका डोळ्यानंसुद्धा दिसतायत. मग नाहीत कशी?"

ती बोलली. या वेळी आकेरीपाने शहाणपणाने काठी खाली ठेवली आणि साध्या आवाजात, वाक्यामागून वाक्य, तिचं म्हणणं सांगत गेला.

"ती म्हणते, समुद्र दारात आला म्हणून त्यांना उठवावं लागलं. हे डबे त्या समुद्राला पुढं ढकलतात. त्यांच्याच नावानं ते मी वाटणार नाही."

"तुझी मुलगी विमानानं आली ना?"

"आली."

"आणि तुझ्या दिराची गाडी काय पाण्यावर चालते?"

"नाही."

आता हसले सगळे. तौफाऊसुद्धा, नाइलाजाने.

"मग आधी ते बंद कर आणि मग आमच्या तोंडचा घास काढ."

"विमानाचं मुलीला विचारा. गाडीचं भाऊजींना विचारा. मी दुसऱ्याच्या वतीनं नेम घेत नाही. माझ्या घरून काय द्यायचं तेवढं माझं."

"पोरगी एवढी शिकलेली," वाईसूलूचा माणूस पुन्हा म्हणाला. "तिला विचारा ना, आपण दहा खोकी परत पाठवली तर समुद्र किती मागं जातो?"

फेतूआओ बायकांमध्ये बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "अजिबात नाही जात, काका."

"बघा."

एतेवीसेने त्या माणसाकडे मान वळवली. मग ती बोलायला लागली आणि आकेरीपाने सांगायला तोंड उघडलं तर सेऊलेआने हात केला. घर एवढं शांत झालं होतं की तिचं तिलाच ऐकू आलं.

"मला माहीत आहे. मोठ्या देशांपुढं आपला धूर चिमूटभर आहे. त्यांनी केलेलं आपण भरतोय, तेही माहीत आहे. माझा राग काही कमी नाही. पण त्यांनीच हलवलेल्या माझ्या माणसाच्या नावानं त्यांचेच डबे वाटून वर माझा मान वाढला म्हणायचं, हे मला जमणार नाही. तुम्ही कंगाल म्हणा. चिक्कू म्हणा. समुद्राला पंधरा वर्षं दारात बघतेय, तुमच्या बोलण्याला काय घाबरू? डुक्कर मी माझ्या हातानं पोसलंय. ते तुमच्यापुढं आहे. उचलायचं असेल तर उचला."

इतकं ती सलग आयुष्यात बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिने कापड पुन्हा गुडघ्यांवर ओढून घेतलं.

सेऊलेआने आपला चांगला डोळा तिच्यावर रोखला.

"आपल्या आंगणात नाही म्हणणं सोपं असतं," तो म्हणाला. "इथं तुझा नवरा, तुझं डुक्कर, तुझी माणसं. पुढच्या शनिवारी वाईसूलूला माझ्या बहिणीच्या नातवाला किताब मिळतोय. तुमच्या घराला बोलावणं आहे. तिथं रस्त्यापासून घरापर्यंत खोक्यांच्या रांगा लागतील. तिथं तू डब्यांवाचून येशील? आणि तिथल्या आरोळीवाल्याला हेच सांगशील, या तिघांच्या तोंडावर?"

मागे पेपे "वहिनी, नको," असं पुटपुटली. वाईसूलूत घर उंच ठरतं ते खोक्यांवर, आणि रिकाम्या हाताने आलेल्या बाईला तिथे वर्षानुवर्षं नावं ठेवतात. तिच्यावरच्या गाण्याला पोरांनी चालसुद्धा लावली असती.

"येईन," एतेवीसे म्हणाली.

सेऊलेआने पाठीचा तुकडा दोन्ही हातांनी उचलला, वास घेतला आणि आपल्या टोपलीत ठेवला. मग बाकीच्यांचे हात हलले. सगळ्यांत शेवटी वाईसूलूच्या तिघांनी आपला वाटा उचलला. मोठ्या माणसाने उचलल्यावर त्यांना दुसरी वाट नव्हती. तोआफा आपल्या जागी पोचला होता.

संध्याकाळी तौफाऊने खोकी पुन्हा गाडीत चढवली. "दुकानदार परत घेईल का?" पेपेने विचारलं. "आपला मेलेला बाप घेईल," तो म्हणाला, आणि त्यानंतर तो एतेवीसेशी बोलला नाही. समोर आली की मान वळवायचा. रोज.

फेतूआओची रजा बुधवारी संपली. विमानतळाकडे नेणाऱ्या बोटीच्या धक्क्यावर ती म्हणाली, "आई, नाताळात येत नाही. पुढच्या नाताळातही नाही. तीन वर्षांनी येईन, पण आले की चार-पाच महिने राहीन. ऑफिसात आत्तापासून भांडायला लागते."

एतेवीसेला म्हणायचं होतं, ये गं नाताळात, असल्या पाच करवंट्यांनी काय होतंय. ते तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तीन वर्षांनी ती सहासष्टची होणार होती.

"भांड," ती म्हणाली. "चांगलं भांड."

शनिवारी सकाळी तिने पांढरा पोशाख घातला, केस विंचरून आंबाडा बांधला. एका टोपलीत मळ्यातले तारो भरले, वर केळीच्या पानात बांधलेला डुकराचा पाय ठेवला. पेपे दारात उभी राहून बघत होती.

"हसतील तुला वहिनी."

"हो."

"मी एक खोकं आणून गुपचूप देऊ का? कुणाला कळायचं नाही."

एतेवीसेने टोपलीचा दोर खांद्यावर नीट बसवला. बाहेर तौफाऊची गाडी सुरू होती. तो आत बसून, खिडकीबाहेर बघत, दार उघडं ठेवून वाट बघत होता. बोलला नाही. तिने त्याला मान लववली आणि गाडीला वळसा घालून ती रस्त्यावर आली. वाईसूलूची बस वळणावर धूळ उडवत येत होती. तिने हात वर केला.